पत्रिकेतली मोकळी जागा

कोरमंगलातल्या एका खाजगी संस्थेत मी गेली एकोणीस वर्षं मुलांना बघायला शिकवतो. दोन्ही डोळे शाबूत असलेली मुलं फी भरून बघायला शिकायला येतात, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पहिल्या सत्रात दृश्यकलेचे घटक : रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश. दुसऱ्या सत्रात रचनेची तत्त्वं : समतोल, लय, विरोध, प्रमाण, उठाव, एकता. एवढे बारा शब्द पाठ झाले की मुलं समोरच्या इडलीच्या गाडीवरच्या पाटीला नावं ठेवायला मोकळी होतात. बिचारा गाडीवाला रोज शेकडो माणसांना खायला घालतो आणि त्याच्या पाटीत एकता नाही हे त्याला ठाऊकच नसतं.

मुलांना कशाला हसू? त्यांना नाक मुरडायला मीच शिकवलं. आमच्या भागातल्या कॉफीच्या दुकानांत मेनू इतक्या फिक्या राखाडी अक्षरांत छापतात की माणसं मोबाईलची बॅटरी लावून वाचतात, आणि त्यातले निम्मे मेनू माझ्या विद्यार्थ्यांनी केलेले आहेत. कागदाच्या मधोमध तांदळाएवढं अक्षर ठेवायचं, बाकी सगळं कोरं सोडायचं आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, ही मोकळी जागा बोलते. आमच्या विभागप्रमुख बाई पुण्याहून आलेल्या. त्यांच्या तोंडी एकच वाक्य : "हे फार लाउड होतंय रे, डिझाइनला जरा ब्रीद करू दे ना." एकोणीस वर्षं मी कागदांना श्वास घ्यायला लावतोय.

मी स्वतः वाढलो चामराजपेटेत, सिटी मार्केटच्या गोंगाटाला लागून. आमची माणसं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडणात दोन्ही. आमच्या नात्यागोत्यातल्या लग्नपत्रिका म्हणजे माझ्या वर्गातला हुकमी विनोद होता. लाल किंवा शेंदरी कागद, वर सोनेरी गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, खाली कलश, सनई, पोपट, एखादा हत्ती. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मग नावांची पलटण : हयात आजोबा, दिवंगत आजोबा, काका, मामा, त्यांच्या पदव्या आणि बँकेतली पदं, आणि शेवटी घरातल्या लहान मुलांचा आग्रह. एकही इंच कोरा नाही. वर चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, म्हणजे जे काही वाचता येत होतं तेही गेलं. मी या पत्रिका जमवायचो. अवकाश शिकवायच्या तासाला एकेक पडद्यावर दाखवायचो आणि मुलं पोट धरून हसायची. त्या पत्रिका मला ज्यांनी घरी येऊन, हातात देऊन, वाकून आमंत्रण दिलं होतं, ते माझे सख्खे नातेवाईक होते. मला त्याची खंत नव्हती. उलट, या लोकांतून आपण वर आलो याचा मला ताठा होता.

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई-वडील गेल्यावर घरातलं मोठं माणूस म्हणजे मी, आणि माझ्यावर एक आत्या. बहीण बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. यंत्रातून आलेले सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते बघायचं, नसतील ते बाजूला काढायचे. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. सकाळी डबा घेऊन निघाला आणि बसस्टॉपवर कोसळला, अडतिसाव्या वर्षी. तेव्हापासून ती चामराजपेटेतल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहायची, कंपनीच्या बसने जायची-यायची. समारंभात मागच्या रांगेत बसायची. कुणी तिला बस म्हणत नव्हतं, पण उठून पुढं ये असंही कुणी म्हणत नव्हतं. मीही नाही.

गेल्या वर्षी तिनं सांगितलं की ती लग्न करतेय. त्याच कारखान्यात स्टोअर्स सांभाळणारा माणूस, घटस्फोट झालेला, घरी कन्नड बोलणारा, शांत. नातेवाइकांनी तोंडावर आनंद दाखवला आणि लगेच सल्ले सुरू केले. रजिस्टर करा. देवळात हार घाला. चार माणसांना जेवायला बोलवा आणि मोकळे व्हा. या वयात कशाला गाजावाजा! सगळे एकाच सुरात "साधंसं" हा शब्द म्हणत होते, जणू काही साधेपणाचं व्रत घेतलेलं हे घराणं. ज्यांनी पोरांच्या मुंजीला बँड लावला होता, तेच हे लोक.

बहीण म्हणाली, "नको. पत्रिका छापायची. घरोघर जाऊन द्यायची. मी काय चोरी करतीय?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अण्णा, तूच कर पत्रिका. लाल असू दे. वर गणपती पाहिजे. आणि माझं नाव ठसठशीत घाल, चि. सौ. कां. सकट. स्वल्प लांबून पण वाचता आलं पाहिजे."

तिनं मागितलं ते एवढंच. आयुष्यात तिनं माझ्याकडे माझ्या धंद्यातलं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि मी मनातल्या मनात हसलो. तिला काय हवंय ते तिला कळत नाही, हे मी गिऱ्हाइकांबद्दल नेहमी म्हणतो, तसंच तिच्याबद्दलही म्हणालो.

पुढं मी जे केलं ते आता स्पष्टच लिहितो. आमच्या धंद्यात कोऱ्या पानापासून कुणी सुरुवात करत नाही. जुनं चांगलं जमलेलं काम उघडायचं, मजकूर बदलायचा आणि नव्या नावानं ठेवून द्यायचं. समास बसलेले असतात, अक्षरांची मापं ठरलेली असतात, अर्धं काम झालेलं असतं. मीही तसंच केलं. नात्यातल्या लोकांसाठी केलेलं आणि सगळ्यांनी वाखाणलेलं माझं एकच काम होतं. आठ वर्षांपूर्वी बहिणीच्या नवऱ्याच्या तेराव्याची पत्रिका मी केली होती. पांढरा जाड कागद, काळी बारीक अक्षरं, भोवती केसासारखी रेघ, बाकी सगळी मोकळी जागा. तेव्हा लोक डोळे पुसत म्हणाले होते, किती शोभून दिसते. मी ती फाईल उघडली.

मजकूर बदलला. गणपती काढला, कारण चित्रामुळे नजर अडकते. लाल रंग काढला, कारण लाल फार ओरडतो. चि. सौ. कां. काढलं, कारण ती टिंबं आणि जोडाक्षरं ओळीची लय बिघडवतात. निमंत्रकांची यादी काढली, त्यात सगळ्यात वर माझं नाव यायला हवं होतं, तेही काढलं. राखाडी छटेत दोन नावं उरली, तारीख, आणि कार्यालयाचा पत्ता. सगळं उजवीकडे खाली सरकवलं, म्हणजे समतोल विषम पण भक्कम. पानाचा तीन चतुर्थांश भाग कोरा. मी खुर्ची मागे सरकवून ते बघत बसलो आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

छापायला दिली आमच्या पेटेतल्याच एका छापखान्यात. मालक म्हातारा, आमच्या दोन पिढ्यांच्या पत्रिका त्यानंच छापलेल्या. त्यानं प्रूफ उलटसुलट करून पाहिलं.

"सार, हे लग्नाचंच ना?"

"हो."

"मग हळद कुठं लावायची?"

"लावायची नाही. कागद सुती आहे, डाग पसरतो. त्याचा पोत बघा."

"पोत चांगलाय," तो म्हणाला. "शाई तरी लाल घेऊ या? मशीनवर तयार आहे."

मी त्याला विरोध म्हणजे काय आणि पांढऱ्यावर राखाडी का उठतं, ते सांगितलं. ज्या माणसानं पन्नास वर्षं शाईत हात घातले त्याला. तो "सरी, सार" म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि त्यानं मशीन सुरू केलं. बाहेर पडताना मी त्याची कीव केली.

बहिणीला मी आधी काही दाखवलं नाही. कारखान्यात तिची रात्रपाळी चालू होती आणि तिचा माझ्यावर विश्वास होता. "तू करतोस तर मी काय बघायचं," असं म्हणाली होती. पहिलं आमंत्रण आत्याला द्यायचं ठरलं. रविवारी सकाळी मी, बायको आणि बहीण ऑटोनं निघालो. बायकोच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा, कारण कुंकू लावायचा मान बहिणीला नाही असं सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलेलं होतं. बहिणीनं नवी साडी नेसली होती, केसांत मोगरा माळला होता. ऑटोत बसल्यावर तिनं पत्रिकांचं पाकीट उघडलं. एक पत्रिका बाहेर काढली आणि बराच वेळ बघत राहिली. मग ती परत आत ठेवली, पाकिटाची घडी नीट केली आणि म्हणाली, "सरी."

मला वाटलं, भारावून गेली. खरंच असं वाटलं मला. चेहऱ्यावरच्या रेषा कशा वाचायच्या, यावर मी तासभर बोलू शकतो.

आत्या ऐंशीच्या पुढची. दारातल्या कट्ट्यावर पाटावर बसून शेंगा सोलत होती. ताठ, तोंडानं तिखट, आणि या लग्नाला मनापासून हो म्हणालेली आमच्यातली एकटीच. मी वाकून नमस्कार केला आणि पत्रिका पुढं केली. चष्मा लावलेला नव्हता. तिनं पत्रिका दोन बोटांत धरली, लांब केली, आणि तिचा चेहरा उतरला. ती उठली नाही, पत्रिका घरात नेली नाही. कट्ट्याच्या बाहेरच्या कडेला ठेवली आणि वर शेंगांची वाटी ठेवली, उडू नये म्हणून. आमच्यात तेराव्याची पत्रिका उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. वाचायची, बाहेरच फाडायची आणि हात धुवायचे.

"कोण गेलं रे?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

बहीण माझ्या शेजारी उभी होती.

बायको घाईघाईनं म्हणाली, "आत्या, लग्नाची पत्रिका आहे. हिच्या लग्नाची."

आत्यानं चष्मा मागवला, लावला आणि पत्रिका पुन्हा उचलली. बोट फिरवत फिरवत कोऱ्या कागदावरून खाली आली. "कुणाचं लग्न? नाव कुठं घातलंयस?" तिला ते सापडेपर्यंत बराच वेळ गेला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "एवढं बारीक का? कुणाला ऐकू जाईल म्हणून?"

मी काहीतरी बोललो. आजकाल अशाच असतात, असं काहीतरी.

"कोपऱ्याला बोट नाही. देवाचं नाव नाही. बोलावणार कोण ते नाही. मी काय कागद बघून जेवायला जाऊ?" ती म्हणाली. मग बहिणीकडे बघितलं आणि तिचा सूर मऊ झाला. "ये गं, आत ये. तू ये."

ती दोघींना आत घेऊन गेली. मी कट्ट्यावर शेंगांच्या टरफलांजवळ बसून राहिलो, आणि तेव्हाही माझ्या मनात हेच चाललं होतं की या म्हातारीला मोतीबिंदू झालाय, तिच्या मतावर काय जायचं!

परतीच्या ऑटोत बहीण म्हणाली, "ह्यांच्या वेळी पण हीच होती."

मी म्हणालो, "मजकूर वेगळा आहे."

"रेघ तीच आहे. त्या दोनशे पत्रिकांवर पत्ते मी घातलेत अण्णा, मला ओळखू येणार नाही? मापं बघायचं काम करते मी." तिचा आवाज चढला नाही. "मी तुला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक तरी घालायची होतीस. तुला माझ्या लग्नाची लाज वाटते काय?"

आता कोणताही धड भाऊ यावर नाही म्हणाला असता. मी तिला मोकळ्या जागेचं महत्त्व समजावलं. चालत्या ऑटोत, सिटी मार्केटच्या हॉर्नच्या गदारोळात. मोठ्या अक्षरानं उठाव येतो असं नाही, भोवतीच्या शांततेनं येतो, असं मी म्हणालो. लहान वस्तूकडे नजर ओढली जाते, असंही म्हणालो. बायकोनं माझा गुडघा दाबला, तरी मी थांबलो नाही. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं.

"नजर ओढली जाते," ती म्हणाली. "आणि तुझं नाव? ते का काढलंस?"

याला माझ्याकडे तत्त्व नव्हतं. बाराही शब्द आठवून पाहिले, एकही बसेना.

तिनं ऑटोवाल्याच्या खांद्याला हात लावला आणि त्याला कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, स्वल्प निल्सी." ऑटो थांबला तशी ती उतरली. पत्रिकांचं पाकीट सीटवरच राहिलं. गर्दीत फुलांच्या टोपल्यांमधून चालत गेली, केसांतला मोगरा थोडा वेळ दिसला, मग तोही दिसेना.

मी सोमवारी ती पत्रिका वर्गात पडद्यावर दाखवली. हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला कुणीतरी माझ्या बाजूनं बोलायला हवं होतं. मुलांनी माना डोलावल्या. विभागप्रमुख बाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "वा, किती डिग्निफाइड केलंयस रे! इतकं सेन्सिटिव्ह हँडल केलंस. अशा केसमध्ये लोक किती भडक करतात ना."

अशा केसमध्ये. बाईंना दोष कसा देऊ? त्या जे मोठ्यानं बोलल्या ते मी बारीक अक्षरांत छापलं होतं. नातेवाईक निदान तोंडानं "साधंसं" म्हणत होते. मी त्यांना खेडवळ समजत होतो आणि माझ्या मनात त्यांच्याहून वेगळं काहीच नव्हतं. मला बहिणीच्या दुसऱ्या लग्नाची लाज वाटत होती, आणि माझं शिक्षण एवढं चांगलं झालं होतं की ती लाज मला सुबक मांडता आली. पुढची दोन व्याख्यानं मी आजारी आहे म्हणून रद्द केली. फोन केला तर ती उचलायची, कामापुरतं बोलायची आणि कंपनीची बस आली म्हणायची. मी चुकलो, हे दोन शब्द फोनवर माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्याऐवजी मी विचारलं, दुसरी करून देऊ का? ती म्हणाली, "नको अण्णा, झालं काम."

पुढच्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात बहीण आणि काठी टेकत आत्या. दोघी घरी येणार असल्या की आधी फोन करायच्या, आज नाही. बायकोनं त्यांना सोफ्यावर बसवायचा प्रयत्न केला, पण त्या बसल्या नाहीत. आमंत्रण द्यायला आलेली माणसं आधी आमंत्रण देतात, मग बसतात. हळदीकुंकवाचा करंडा बहिणीच्याच हातात होता. तिनं बायकोला स्वतः कुंकू लावलं. आत्या शेजारी उभी राहून बघत होती, कुणी आक्षेप घेतला तर काठी उगारायच्या तयारीत.

मग बहिणीनं पिशवीतून पत्रिका काढली. लाल. गणपती सोनेरी, दोन्ही बाजूंना केळी, खाली कलश. एक इंच जागा कोरी सोडलेली नाही. मधोमध, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चि. सौ. कां. आणि पुढं तिचं नाव, जाड, पिवळ्या कडेचं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो तरी वाचता आलं असतं. चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं, आणि ती तिच्या बोटांएवढीच होती.

मी खाली बघितलं. निमंत्रक म्हणून एकट्या आत्याचं नाव होतं. त्याखाली छापखान्याच्या म्हाताऱ्यानं नेहमीसारखी वेलबुट्टी घातली होती.

आमच्यात सख्ख्या भावाला पत्रिका देत नाहीत. तो देणाऱ्यांतला असतो. पत्रिका त्याच्या घरात गठ्ठ्यानं पडलेल्या असतात, त्यावर पत्ते घालून तो कंटाळलेला असतो. पत्रिका परक्याला देतात. बहिणीनं ती दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली, पाकिटावर माझं पूर्ण नाव, श्रीयुत लावून, तिच्या अक्षरात. माझ्या हातावर अक्षता ठेवल्या. मग चाळीस घरी जे बोलून आली होती तेच, त्याच सुरात, हसून म्हणाली, "लग्नाला यायचं हं. सहकुटुंब यायचं. नक्की या."